लायल टिबेट्सचं एकुलतं एक वाक्य

लायल टिबेट्स जन्मभर मरत आला. कधी घोड्यावरून, कधी गुत्त्याच्या गच्चीवरून, कधी जिन्यावरून गडगडत, आणि एकदा तर पाणी प्यायच्या पिंपात डोकं खाली पाय वर. हॉलिवूडशेजारच्या बरबँकला काउबॉयचे सिनेमे धडाधड निघत होते तो काळ. गोळी खाऊन पडायला माणूस हवा असला की हाक यायची, "टिबेट्सला बोलवा रे, मरायचंय!" की हा हातातलं सँडविच कागदात गुंडाळून, तोंड पुसून, निमूटपणे मरायला निघाला.

मूळचा तो नेब्रास्कातल्या मिलो फॉर्कचा. बापाचं धान्याचं कोठार होतं आणि लायल त्याच्या छपरावरून लहानपणीच एकदा खाली आला होता. गावच्या डॉक्टरनं सगळी हाडं चाचपून पाहिली आणि म्हणाला, "पोरगं पडतं मात्र झकास." लढाईवरून परतल्यावर हा काही कोठारात बसला नाही. हनुवटी बरी आहे असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून हिरो व्हायला हॉलिवूडला आला. पहिल्याच दिवशी गर्दीत उभा असताना गाडीच्या चाकावर पाय ठेवायला गेला आणि तोंडावर आपटला. डायरेक्टर खुश! म्हणाला, "पुन्हा पड." झालं, तेव्हापासून जो पडायला लागला तो पडतच राहिला. हनुवटीकडे पुढे कुणी ढुंकूनही बघितलं नाही.

बायकोसुद्धा त्याला मरता मरताच मिळाली. अर्लीन स्टुडिओच्या शिवणखात्यात होती. एकच शर्ट तो वरचेवर फाडून आणायला लागला तेव्हा ती वैतागून म्हणाली, "अरे मेल्या, जरा उजव्या कुशीवर मरत जा की! डावीकडे टाका घालायला कापड उरलं नाही." दुसऱ्या दिवसापासून लायल उजव्या कुशीवर मरायला लागला. इतकं ऐकणारा पुरुष कुठली बाई हातचा जाऊ देईल? केलं तिनं लग्न.

आता आमच्या धंद्यातला एक नियम ठाऊक असायला हवा, त्याशिवाय लायलचं दुखणं कळायचं नाही. गर्दीतला माणूस कॅमेऱ्यासमोर एक शब्द जरी बोलला तरी युनियनच्या हिशेबानं तो नट ठरतो, आणि मग त्या दिवसाचे पैसे नटाचे द्यावे लागतात. त्यामुळे असिस्टंट डायरेक्टर मंडळी मरणाऱ्यांच्या तोंडावर डोळ्यांत तेल घालून पहारा ठेवत. बड मॅकॅल्पिन नावाचा असिस्टंट तर सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून बजावायचा, "हे बघा, 'आऽऽ' चालेल. 'आई गं' चालणार नाही. त्यात शब्द आहेत." तेव्हा लायल इतकी वर्षं 'आऽऽ' करत आला होता. 'आऽऽ' मध्ये त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे बडसुद्धा मान्य करायचा.

त्याचं त्याला काही वाटतही नव्हतं. कारण तिकडे मिलो फॉर्कला त्याची आई, कॉर्डेलिया टिबेट्स, दर शनिवारी दुपारी सिनेमाला जाऊन बसायची. लायलचा सिनेमा असो नसो, जायची. न जाणो, असला तर? आणि रविवारी फोनवर हजेरी घ्यायची.

"कालचं मरण काही जमलं नाही हो तुझं."

"का गं आई?"

"पडल्यावर नाक खाजवलंस. मेलेला माणूस नाक खाजवतो होय? चारचौघांत मान खाली गेली माझी."

अशी ती बाई. पण मग तिला काचबिंदू झाला. हळूहळू कडेकडेनं अंधार येत गेला आणि एका वर्षात समोरचं सगळंच गेलं. तरी शनिवार तिनं सोडला नाही. शेजारीण ओपल येन्सन बाजूला बसून पडद्यावर काय चाललंय ते कानात सांगायची. आता ओपल मनानं चांगली, पण तिला सगळे टोपीवाले सारखेच दिसायचे. "मेला गं कॉर्डेलिया, तुझा मेला!" असं तिनं एकदा सांगितलं, आणि म्हातारीनं महिनाभर गावात त्या मरणाचं कौतुक केलं. मग कळलं की तो भलताच कुणी होता आणि लायल त्या सिनेमात नव्हताच. कॉर्डेलियाबाईंना हे फार लागलं.

त्या रविवारी ती फोनवर म्हणाली, "लायल, टेलिफोनवरचा तू मला ऐकू येतोस. पडद्यावरचा तू मात्र माझ्या हातातून निसटलास बघ. एकदा काहीतरी बोल रे तिथं. एक वाक्य. म्हणजे मला कळेल, हा माझा. परक्या माणसाचं मरण पुन्हा नको मला."

लायलनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात येऊन खुर्चीवर मटकन बसला. अर्लीननं विचारलं तर म्हणाला, "आईला माझं वाक्य हवंय." हिरो न झाल्याचं त्याला कधी वाईट वाटलं नव्हतं, आज वाटलं.

त्या दिवसापासून तो हात धुवून बड मॅकॅल्पिनच्या मागे लागला.

"बड, एक वाक्य."

"टिबेट्स, गुमान मर."

"'घोडा पळाला' एवढंच. दोन शब्द."

"घोडा पळालेला लोकांना दिसतो. तू सांगायची गरज नाही."

असं वर्ष गेलं. पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग एके दिवशी शेरीफला वर्दी द्यायचं काम ज्या नटाकडे होतं त्याची दाढ सुजली. सुजली म्हणजे गाल असा फुगला की टोपीचा पट्टाच बांधता येईना. आदल्या दिवशी त्याला पाठमोरा, त्याच टोपीत धावताना टिपून ठेवलेलं. त्यामुळे टोपी बदलायची सोय नाही. उन्हं उतरायला लागलेली, डायरेक्टर पाय आपटतोय. बडनं ती टोपी सेटवरच्या प्रत्येकाच्या डोक्यावर ठेवून पाहिली. कुणाच्या कानांपर्यंत उतरायची, कुणाच्या टाळूवरच राहायची. लायलच्या डोक्यावर मात्र ती चपखल बसली. बडनं कपाळाला हात लावला. "बोल बाबा," म्हणाला, "बोल एकदाचा!"

वाक्य होतं: "शेरीफ, ते पुलाकडून येतायत, आणि एकही हात रिकामा नाही!" लायलनं ते कोपऱ्यात जाऊन घोकलं. काम सोपं. बाहेर गोळीचा आवाज होणार, लायल दार ढकलून आत येणार, वाक्य बोलणार. अहो, शाळेतलं पोर करेल!

कॅमेरा सुरू झाला. बाहेर गोळी उडाली. दार उघडलं आणि लायल टिबेट्स उजव्या कुशीवर कोसळला, 'आऽऽ' करून.

"अरे, तुला नाही मारलं!" डायरेक्टर ओरडला.

"चुकलं साहेब," लायल जमिनीवरूनच म्हणाला. "सवय."

दुसऱ्या वेळी तो दाराला घट्ट धरून राहिला. गोळी उडाली, गुडघे दगा देऊन गेले, आणि अर्धं वाक्य तो उभ्यानं आणि अर्धं आडवं होऊन बोलला. तिसऱ्या वेळी दारच घेऊन पडला. सगळा सेट हसून लोळतोय आणि लायलच्या डोळ्यांत पाणी. इतकी वर्षं बंदूक वाजली की पडायचं हेच अंगात भिनलेलं. ते अंग आता त्याचं कुठे ऐकतंय! दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात ते हेच. डायरेक्टर बडला म्हणाला, "काढा याला. वाक्यच काढा."

तेव्हा अर्लीन सुई-दोऱ्याचा डबा घेऊन पुढे झाली. "एक मिनिट, साहेब," असं म्हणून तिनं नवऱ्याच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे कोंबले. मग त्याच्या कमरपट्ट्याला जाड दोरा बांधला आणि दुसरं टोक हातात घेऊन दाराआड पालथी पडली. "गोळी ऐकूच नको," तिनं खुणेनं सांगितलं. "मी ओढला की बोल."

गोळी उडाली. लायलला काही ऐकू आलं नाही. दोरा ओढला गेला, दार उघडलं, आणि लायल पाय रोवून, मान ताठ ठेवून ते वाक्य असं बोलला, असं बोलला, की घोड्यांनी कान टवकारले. सेटवर टाळ्या पडल्या. बडसुद्धा वाजवत होता. लायलनं रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी आईला फोन लावला. म्हातारी म्हणाली, "नवी हॅट घ्यायला हवी."

आता यातली गोम ऐका. कानात बोळे घातलेला माणूस ओरडतो. त्याला वाटतं आपण बोलतोय, पण ओरडतो. आवाज टिपणाऱ्या ओटिसच्या यंत्राची सुई शेवटच्या टोकाला जाऊन आदळली आणि लायलच्या वाक्याच्या फाटून चिंध्या झाल्या. हे पुढे केव्हातरी बसून ऐकताना कळलं. पुन्हा बोलवून घ्यावं तर लायल तेव्हा यूटाच्या वाळवंटात दुसऱ्या सिनेमासाठी कड्यावरून पडत होता. चित्र उत्तम आलेलं. मग काय, रेडिओवर साबणाच्या जाहिराती करणारा एक भारदस्त गळा आणून त्यांनी ते वाक्य लायलच्या ओठांवर चिकटवून टाकलं. लायल परतल्यावर डोनट खाता खाता ओटिसनं हे त्याला सहज सांगितलं. "तू पडद्यावर फार मर्दानी वाटतोस रे आता," म्हणाला. लायलचा डोनट हातातच राहिला.

"आईला सांगून टाक," अर्लीन म्हणाली.

त्यानं फोन लावला खरा. पण म्हातारी त्याला बोलू देईल तर शपथ! हॅट आली होती. पाद्रीबाबांनी भजनमंडळाची तालीम पुढे ढकलली होती. थिएटरवाल्यानं बाहेरच्या फळीवर हिरोच्या नावाच्या वर लिहिलं होतं, 'आपला लायल बोलतो!' "तू काय सांगत होतास?" तिनं शेवटी विचारलं.

"काही नाही," लायल म्हणाला. "मी येतोय, एवढंच."

बसमधून जाताना तो सबंध वाट ओठ हलवत होता. वाक्य पाठ होतं; ते नेमकं केव्हा टाकायचं, तेवढं साधायचं होतं. शेजारचा प्रवासी उठून मागे जाऊन बसला.

शनिवारी दुपारी मिलो फॉर्कचं थिएटर ओसंडून गेलं. मधल्या रांगेत कॉर्डेलियाबाई नव्या हॅटमध्ये ताठ बसलेल्या, एका बाजूला ओपल, दुसऱ्या बाजूला लायल. ओपलची वर्दी चालूच होती. "घोडा आला... टोपीवाला आला... दुसरा टोपीवाला आला." लायलला घाम फुटला होता. एकीकडे आईला फसवतोय याची लाज, दुसरीकडे आई फसली नाही तर काय याची धास्ती. इतकी भीती त्याला कड्यावरूनही कधी वाटली नव्हती.

शेरीफचं ऑफिस आलं. लायलनं दोन्ही हातांनी खुर्ची पकडली. पडद्यावर गोळी उडाली. अंग उजवीकडे कललं, पण खुर्ची त्यानं सोडली नाही. दार उघडलं.

"शेरीफ, ते पुलाकडून येतायत," साबणवाला भारदस्त गळा सगळ्या थिएटरभर घुमला, आणि त्याच्या जोडीनं, अर्धा शब्द मागे, मधल्या रांगेतून लायल जीव तोडून बोलला, "...पुलाकडून येतायत, आणि एकही हात रिकामा नाही!"

समोरच्या चार रांगा वळून बघायला लागल्या. "शूऽऽ!" ओपल फिस्कारली, मग तिनं पडद्याकडे पाहिलं, लायलकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा बघताना गप्प झाली. पाद्रीबाबांच्या लक्षात आलं, थिएटरवाल्याच्याही आलं. गाव समजूतदार, हूं का चूं कुणी केलं नाही. एकेक करून डोकी पुन्हा पडद्याकडे वळली. पडद्यावरचा लायल केव्हाच निघून गेला होता आणि खुर्चीतल्या लायलला रडू फुटायच्या बेतात होतं, कारण आई काहीच बोलत नव्हती.

मग तिनं चाचपडत त्याचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"सुरेख बोललास रे," ती म्हणाली. "अगदी शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू आलं."

लायलनं दुसऱ्या हातानं धरलेली खुर्ची आता कुठे सोडली.

"फक्त तो मेला दुसरा कोण होता रे, माझ्या पोराच्या वाक्यात तोंड खुपसणारा? तुमच्या साहेबाला सांग, पुढच्या वेळी त्याला घेऊ नका."