परभाकरची मधली कळ

बातमी आली तेव्हा मी बोरिवलीत आमच्या गल्लीतल्या सलूनमध्ये बसलो होतो. अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर साबण. फोनवर सुलभावहिनी एवढंच म्हणाल्या, “भावजी, या... हे उठत नाहीत.” मी तसाच धावलो. माझा शेजारी आणि दोस्त प्रभाकर झोपेतच गेला होता, चेहऱ्यावर कुणाची तरी चूक सापडल्याचं समाधान. वहिनींनी मान वर केली, माझं थोबाड पाहिलं आणि रडता रडता फिसकन हसल्या. “हे असते ना, तर तुमच्यावर सूचना लावली असती.”

लावलीच असती! प्रभाकर उभी नोकरी मराठी टंकलेखक होता आणि निवृत्तीनंतर आमच्या सोसायटीचा सूचना फलक हे त्याचं संस्थान झालं होतं. ‘लिफ्टमध्ये थुंकणाऱ्या सद्गृहस्थांनी आपला फ्लॅट नंबर कळवावा, पिकदाणी घरपोच मिळेल’, ‘गच्चीवर वाळत घातलेली पँट उडून आली आहे, मालकाने अंगावर काही तरी घालून घेऊन जावी’ असल्या सूचना वाचायला शेजारच्या इमारतीतले लोक यायचे. आणि शुद्धलेखन? दूधवाल्याच्या पाटीवरचा ऱ्हस्व ‘दुध’ त्याने स्वतः खडू नेऊन दीर्घ केला होता. मुलीने त्याला एक झकास मेकॅनिकल कीबोर्ड दिला होता, म्हणजे प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच, स्वतंत्र स्प्रिंग. तो टाइप करायला लागला की खाली पार्किंगमध्ये खडखडाट ऐकू यायचा. लोक म्हणायचे, आता कुणाची तरी वाट लागली.

मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या डाव्या हातावरून वारं गेलं. थोडक्यात निभावलं, हात परत आला, पण मधलं बोट आळशी राहिलं. आणि नेमकी त्याच बोटाखाली मराठीतली पाय मोडायची कळ येते! जोडाक्षर करायचं तर दोन अक्षरांच्या मध्ये ती दाबायची. दुखण्यानंतरची त्याची पहिली सूचना फलकावर लागली ती अशी: ‘उदया पाणयाचया टाकीची सवचछता होणार आहे. कळावे, परभाकर.’ लिहिलेलं तपासायची त्याला आयुष्यात गरज पडली नव्हती. सगळी सोसायटी हसली. मी तर जिन्यातूनच ओरडलो, “काय रे परभाकर!” तो हसला नाही. वर गेला आणि त्याने कीबोर्डवर टॉवेल टाकला.

महिनाभर फलक कोरा. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तोंडाने बोला, फोन आपोआप लिहितो. त्याने मला सांगितलं, “तोंडाने बोलायला तू आहेस ना. मी लिहिणारा माणूस. ह्या बोटाने मी सही करतो असं समज.” मग एके दिवशी मला बोलावणं आलं. टेबलावर कीबोर्ड, भुवया उपटायचा चिमटा आणि वहिनींची मेंदीची काडी. कुठल्याशा व्हिडिओत त्याने पाहिलं होतं की स्विच उघडून आतली स्प्रिंग हलकी घालता येते आणि मधल्या दांड्याला वंगण लावलं की कळ लोण्यासारखी खाली जाते.

“तुला येतं हे?” मी विचारलं.

“नाही. तुला?”

“नाही.”

“मग बस.”

पहिल्या स्विचचं झाकण निघालं आणि स्प्रिंग टुणकन उडाली ती थेट वहिनींनी खवून ठेवलेल्या नारळात. हलक्या स्प्रिंगा आणि खास ग्रीस मागवलं होतं, पण यायला वेळ होता. प्रभाकर मालवणचा. वंगणासाठी थांबणं त्याला अपमानास्पद वाटलं. “मेल्या, घरात खोबरेल असताना ग्रीस कित्याक?” आम्ही सगळ्या स्विचांना खोबरेल चोपडलं. संध्याकाळी कळा अशा सुळसुळल्या की आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. पण जानेवारीचे दिवस, घर नॅशनल पार्कला लागून. सकाळी तेल गोठलं. कळ दाबली की आतच बसायची आणि पडद्यावर ‘ककककककक’ धावायचं. वहिनींनी कीबोर्ड उचलला आणि गॅलरीत खोबरेलाच्या बाटलीशेजारी उन्हात ठेवला. “दोघं एकदमच वितळतील,” म्हणाल्या.

ग्रीस आल्यावर सगळं पुन्हा उघडलं, पुसलं, काडीच्या टोकाने नखाएवढंसं लावलं. फक्त डाव्या हाताच्या कळांना हलक्या स्प्रिंगा, मधल्या बोटाला सगळ्यांत हलकी. त्याने बोट ठेवलं. प... मग थांबला. ‘प्रभाकर’ उमटलं. त्याने ते सात-आठ वेळा लिहिलं आणि मग गंभीरपणे म्हणाला, “चहा टाक गो, मी परत इलंय.” दुसऱ्या दिवशी फलकावर शुद्धिपत्रक: ‘टाकीची स्वच्छता झालेली आहे. सवचछता कुणालाच जमली नाही.’ त्यानंतर गेल्या महिन्यापर्यंत फलक एक दिवस कोरा राहिला नाही.

आता तो कीबोर्ड माझ्याकडे आहे. वहिनी म्हणाल्या, “घेऊन जा, नुसता पडून राहिला तर ते चिडतील.” हे त्याच्यावरच लिहितोय. उजवीकडच्या कळा माझ्या हाताला बरोबर बसतात, डावीकडची मधली मात्र माझं नुसतं बोट टेकलं तरी खाली जाते आणि चांगल्या धडधाकट अक्षराचा पाय मोडते. स्प्रिंग बदलणं दहा मिनिटांचं काम आहे, मला येतं. बदलणार नाही. मी ते एक बोट हवेत उचलून टाइप करतो. बायको म्हणते, कुणाची परवानगी मागताय का?... तेव्हा या लेखात एखाद्या अक्षराचा पाय विनाकारण मोडलेला दिसलाच, तर तिथे माझं बोट दमून त्याच्या जागी टेकलं होतं, एवढं समजून घ्या.