गाड्यांना स्थळं पाहणारे मामा

जगात जुन्या गाड्या विकणारे पुष्कळ असतील, पण विकलेल्या गाडीची ओटी भरून तिला ओल्या डोळ्यांनी निरोप देणारा माणूस एकच, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना मामा म्हणतो. फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं घालवून ते इस्लामपूरला परतले, ते पेन्शन आणि एक मोडकी जीप घेऊन. त्यानंतर त्यांच्या दारात किती गाड्या आल्या नि गेल्या, याची मोजदाद आत्यानंही सोडून दिली. कुणाच्या गोठ्यामागं, कुणाच्या पत्र्याच्या शेडात कोंबड्यांनी घाण केलेली एखादी गाडी दिसली की मामांचा जीव कासावीस होई. ती घरी ओढून आणायची, पाना घेऊन तिच्याखाली शिरायचं, आणि मग दिवसभर घरच्यांना त्यांचे फक्त दोन पाय दिसायचे. आत्या त्या पायांशी ताट ठेवून जाई. गाडी मुळात होती तशी ठेवणं मामांना कमीपणाचं वाटे. जीपला त्यांनी ट्रॅक्टरची सीट बसवली होती. एका पद्मिनी गाडीचं तर छप्परच कापून काढलं आणि आत्याला तिच्यातून सांगलीला लग्नाला नेलं. दिवस नेमके कारखाना सुरू असतानाचे, पुढं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. सांगली येईपर्यंत आत्याच्या अंबाड्यात पाचट अडकलं होतं आणि मांडीवर दोन ऊस पडले होते. "आवं, ही गाडी हाय का गव्हाण?" असं ती भर मांडवात म्हणाली. "ऊस फुकट मिळाला ते बघ की," असं मामांचं त्यावर उत्तर.

खरा तमाशा गाडी विकताना असे. गिऱ्हाईक आलं की मामा त्याला गाडी दाखवण्याआधी अंगणातल्या खाटेवर बसवून त्याची चौकशी करत. गाडी उन्हात उभी राहणार की सावलीत? रेडिएटरला बोअरचं खारं पाणी तर घालणार नाही ना? घरात क्लच एकदम सोडणारा कुणी तापट माणूस आहे का? जतचा एक मेंढ्यांचा व्यापारी जीप बघायला आला होता, तो शेवटी वैतागून म्हणाला, "आवं पावणं, गाडी घ्याया आलोय, नवरी न्हवं!" मामा शांतपणे म्हणाले, "येकच हाय गड्या. घरातनं गेली ती गेली." दोनदा परत पाठवून तिसऱ्या खेपेला त्यांनी होकार दिला, बॉनेटवर खण-नारळ ठेवला आणि जीप वळणाआड जाईपर्यंत रस्त्यात उभे राहिले. दोन महिन्यांनी जीपला भेटायला म्हणून ते जतला गेले. मागच्या सीटवर कोकरं बांधलेली होती आणि बॉनेटवर मिरच्या वाळत घातल्या होत्या. मामांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. "हितं तिचं नांदणं व्हायचं न्हाई," एवढं म्हणून त्यांनी व्यवहार मोडला आणि त्याच दिवशी जीप माघारी आणली. ही गोष्ट ते आल्यागेल्या प्रत्येकाला सांगत आणि आम्ही प्रत्येक वेळी हसत असू.

त्याच वर्षी शैलाताईचं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं. स्थळ म्हसवडचं. मुलगा फौजेत, दाराशी डाळिंबाची बाग. मामांनी एकही प्रश्न विचारला नाही. "फौजी हाय म्हंजे झालं," म्हणून पहिल्याच चहाला सुपारी फुटली. चहा शैलाताईनंच आणला होता. पुढं दिवाळीला ती माहेरी आली तेव्हा आईपाशी रडली. नवरा सुट्टीवर आला की हात उचलतो, म्हणाली. मामांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "फौजी मानूस, तापट असायचाच. हुईल सवय." आणि भाऊबीज झाल्यावर तेव्हा दारात असलेल्या अँबॅसडरच्या काचा पुसून, टायरला पॉलिश मारून, त्यांनी स्वतः तिला म्हसवडला पोचवलं. मामा दुष्ट नव्हते हो. त्यांच्या पिढीला मुलगी परत आणणं म्हणजे नाक कापून घेणं वाटे. पण हे सांगूनही मला त्यांचा राग येतो, आणि माया काही केल्या कमी होत नाही.

अशी कैक वर्षं गेली. मध्यंतरी एकदा मी साताऱ्याहून इस्लामपूरला गेलो असताना मामा मला जतच्या जीपची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होते. आत्या शेजारी शेंगा फोडत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "जीप दोन म्हैन्यात माघारी आणलीसा. पोरगी न्हाई आणलीसा." संध्याकाळी मामा जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच अँबॅसडर काढून मला शेजारी बसवून म्हसवडला निघाले.

शैलाताईचा नवरा खाटेवर पडून होता. लकव्यानं एक बाजू लुळी पडलेली. ती त्याला चमच्यानं पेज भरवत होती. मामा उंबऱ्यातूनच म्हणाले, "शैला, कापडं भर. न्यायला आलोय." तिनं आधी त्याचं तोंड पुसलं. मग बाहेर येऊन ती हळूच म्हणाली, "आता, आबा? आता हात उचलायचं बळच ऱ्हायलं न्हाई त्येंच्यात. पोरगा कालेजात हाय. मी न्हाई यायची आता. तवा यायचं हुतं." मामा तिच्या पायांकडं बघत उभे राहिले. परतीच्या वाटेवर मागची सीट रिकामीच होती.

त्यानंतर त्यांनी बाकीच्या गाड्या एकेक करून काढून टाकल्या. कुणी यावं, बघावं, घेऊन जावं. जीपसुद्धा तशीच गेली. खाटेवरची चौकशी बंद झाली आणि ओटीचा नारळही कुणी आणेना. ते बघवत नसे. आधीचा तमाशा परवडला, असं मला वाटे. अँबॅसडर तेवढी त्यांनी ठेवली. तिच्यातून ते दर रविवारी म्हसवडला जात आणि लेकीच्या दारासमोर गाडीतच बसून राहत. पहिले काही महिने ती नुसता चहा बाहेर पाठवी. मग एका रविवारी मुलाला त्याच्या बापाजवळ बसवून ती पदर सावरत आली आणि मागं बसली. सिद्धनाथाच्या देवळापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा शिरस्ता झाला. वाटेत कुणी काही बोलत नाही, असं मामा सांगत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर होतो. देवळापासून तिचं घर ते कितीसं लांब! दर्शन झालं, गाडी माघारी वळली, आणि गल्लीचं तोंड आल्यावर मामांनी वेग कमी केला. मागून शैलाताई म्हणाली, "आबा, येवढ्यात नगा वळू. जरा लांबनं घ्या."

मामांनी हातातलं स्टीअरिंग सरळ केलं आणि गाडी हमरस्त्याला लावली.