उधन्याच्या वाचनालयात ड्रिल मशीनला खाकी कव्हर

माझी मैत्रीण मीनल वाचनालयांतल्या लोकांना मेकरस्पेस चालवायला शिकवते. म्हणजे हत्यारांची एक खोली, जिथं वस्तीतल्या कुणीही यावं, काहीतरी बनवावं, मोडलेलं जोडावं. सुरतेला उधन्यात तिचं तीन दिवसांचं शिबिर होतं आणि हत्यारांची पेटी उचलायला कुणीतरी हवं होतं. मी रिकामीच होते. निघाले.

नंदुरबारहून सकाळची पॅसेंजर धरा, जनरलचं तिकीट नाश्त्याएवढ्या पैशांत येतं. नवापूरच्या प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, अर्धा महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. त्याच्या बरोबर मधोमध बसायला मी उतरले आणि गाडी हलली. पेटी गुजरातेत चालली होती, मी अजून दोन्हीकडे. पळत डबा गाठला. मीनलनं उधना येईपर्यंत पेटी माझ्या मांडीवर ठेवली.

मुक्काम नवागामला, तिच्या आत्याकडे. शेअर रिक्षा मिळते. आत्या कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी वाढते आणि नको म्हटलेलं तिला ऐकू येत नाही.

वाचनालयात कामाला माणसं दोनच: ग्रंथपाल रंजनाताई आणि शिपाई भिकाभाऊ. मेकरस्पेसची खोली रंजनाताईंनी अध्यक्षांशी भांडून मिळवलेली. अध्यक्षांना तिथं आपल्या दुकानातले साड्यांचे गठ्ठे ठेवायचे होते. तिसऱ्या दिवशी ते बघायला येणार, आणि खोली वापरात दिसली नाही तर गठ्ठे आत.

पहिल्या दिवशी मीनलनं सगळी हत्यारं दाखवली. दुसऱ्या दिवशी लोचो खाऊन पोचलो तर ड्रिल मशीनला खाकी कव्हर, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी. हातोडीच्या दांड्यावर वाचनालयाचा शिक्का. पकडी कपाटात कुलूपबंद, वर पाटी: ‘संदर्भ विभाग, बाहेर नेता येणार नाही’.

“ताई, लोक हात कसा लावणार?” मीनलनं विचारलं.

“सभासद झाल्यावर,” रंजनाताई म्हणाल्या.

भिकाभाऊंनी ड्रिलच्या वर ‘शांतता राखा’ टांगलं. “पलीकडे परीक्षेवाले पोरं बसतात. तुम्ही मशीन चालवा ना, फक्त आवाज नका करू.”

त्या दिवशी सगळा सराव मशीन बंद ठेवून झाला. घर्र आवाज भिकाभाऊ तोंडानं काढत होते, तोही हळू.

तिसऱ्या दिवशी कंटाळून मी वाचन-हॉलमध्ये सटकले. खुर्चीत टेकले तर कुर्र.

“दीदी, ती नका घेऊ,” शेजारची मुलगी कुजबुजली. “रोज सगळ्यांचं डोकं खाते.”

मी खुर्ची उचलून रंजनाताईंसमोर आणली आणि तीत बसून डोलले. कुर्र. त्यांनी ‘शांतता राखा’च्या पाटीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं.

“भिकाभाऊ, कव्हर काढा.”

ड्रिल चाललं, दोन नवे स्क्रू बसले, खुर्ची गप्प झाली. मग ती मुलगी आपली खुर्ची घेऊन आली. मग तिच्या मागचा. मग सगळेच.

अध्यक्ष आले तेव्हा अख्खा हॉल उभ्यानं वाचत होता आणि सगळ्या खुर्च्या खोलीत उलट्या पडल्या होत्या.

“अरे रंजनाबेन, आ शुं छे? वाचनालय आहे का लग्नाचा मंडप?”

“दुरुस्ती चाललीय. बसा,” म्हणत रंजनाताईंनी दुरुस्त झालेली एक खुर्ची पुढे केली.

ते बसले. डोलले. पुन्हा डोलले, जरा जोरात. काही वाजलं नाही.

“दुकानातली माझी पण कुरकुरते. पाठवून देऊ?”

“आधी सभासद व्हा. आणि गठ्ठ्यांचं काय?”

“ते... बघतो दुसरीकडे.”

निघताना मी आठवण म्हणून एक स्क्रूड्रायव्हर मागितला. रंजनाताईंनी मला सभासद करून तो रीतसर पंधरा दिवसांसाठी दिला. घरी आल्यापासून पंख्याची पाती, कुकरचं हँडल, शेजाऱ्यांची कडी, सगळं घट्ट करून झालंय. सुरतेतून मी याआधीही बरंच काही आणलंय, पण परत नेऊन द्यायचं असं हे पहिलंच. मुदत बुधवारी संपते. सकाळचीच पॅसेंजर धरीन. नवापूरला उतरणार नाही, बहुतेक.