तोंडासाठी थांबलेली गोधडी

नांदेडहून सकाळची हिंगोली गाडी धरली तेव्हा माझ्या हातात रिकामी पिशवी होती. परतताना तिच्यात गोधडी यायची होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती सरांच्या हातात पडायची होती. सर त्याच दुपारी मुलाकडे बंगळूरला कायमचे निघणार होते.

सर म्हणजे आमचे इंग्रजीचे प्राध्यापक. मी हट्ट्याची. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुणी न विचारताही सांगते. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला मला घाम फुटायचा. सरांनी तास संपल्यावर बसवून जॅझ ऐकवलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी घडवलेलं हे संगीत. त्यातल्या एका थोर गायिकेला सर नाव न घेता 'आमच्या बाई' म्हणत. "शब्द राहू दे," म्हणायचे, "बाई काय म्हणतात ते कळतंय ना?" कळायचं.

आता सरांचे कान पार गेलेत. म्हणून आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी बाईंचा फोटो पुसेगावच्या, गोधड्या शिवणाऱ्या सुभद्रामावशींकडे पाठवला होता. ऐकू येत नाहीत तर निदान गोधडीवर दिसाव्यात.

आखाडा बाळापूरला भजी घ्यायला उतरले आणि गाडी हलली. धावताना चपलेचा पट्टा तुटला. कंडक्टर दारातून म्हणाला, "मॅडम, भज्याचं तिकीट काढलं का?" एक चप्पल हातात धरून मॅडम म्हणवून घ्यायलाही मला बरंच वाटलं. शेजारच्या म्हातारीने बांगडीत अडकवलेली पिन काढून दिली आणि त्या बदल्यात दोन भजी घेतली.

हिंगोलीहून काळीपिवळी जीपने पुसेगाव. दोन्हीकडे हरभरा गुडघ्याशी आलेला. मावशींचे मालक मेंढरं घेऊन रानात गेले होते. अंगणात बाजेवर गोधडी पसरलेली होती.

बघतच राहिले. जुन्या लुगड्यांच्या निळ्या-हिरव्या तुकड्यांत बाई उभ्या होत्या. चेहरा काळ्या चंद्रकळेचा, मावशींच्या स्वतःच्या, संक्रांतीला नेसायच्या लुगड्याचा. आणि बाईंच्या पुढ्यात एक जाडजूड मुसळ.

"मावशी, हे काय?"

"मुसळ. फोटूत हाय की उभं. कांडता कांडता गाणं म्हणून राहिली न ती?"

मी माइक समजावून सांगितला. मावशींची जाऊ कमल पदर तोंडाला लावून हसायला लागली. "तरी म्या म्हणलं, उखळ कुठं गेलं!"

मीही हसले, आणि मग माझं लक्ष गेलं. तोंडाच्या जागी नुसती खडूची खूण होती.

"तोंड काहून राहिलं, मावशी?"

"आवाज ऐकल्याबिगर कसं शिवू? किती उघडायचं ते कसं कळावं?"

"फोटोत आहे तसं शिवा. मला पाचची गाडी गाठायचीय."

"फोटूत वासलंय. फोटूवाल्यानं नेमकं बोंबलताना धरलं आसंल तिला." मावशींनी सुई गोधडीतच खोचून ठेवली.

ते गाणं कॉलेजपासून माझ्या मोबाइलमध्ये आहे. लावलं तर आवाज अगदी बारीक. कमलने मोबाइल उचलला आणि पितळी तांब्यात ठेवला. तांब्यातून बाईंचा आवाज आला, भरलेला, गोल. दारातली शेळीसुद्धा चघळायची थांबली.

शेवटच्या कडव्यात तो आवाज अगदी खाली उतरतो. मावशी म्हणाल्या, "हे पुन्हा लाव." तीनदा लावलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. मी अर्थ सांगायला लागले, माझी पदवीच इंग्रजीतली.

"थांब पोरी. शब्द राहू दे. कळतंय मला."

मग त्यांनी खडू पुसला. कमलने मला भाकरी आणि घोळाणा (तिखट-मीठ-तेल लावून चोळलेला हरभऱ्याचा कोवळा पाला) वाढला. मी जेवेपर्यंत ओठ तयार होते. लहानसे, जेमतेम विलग.

"एवढंच?" मी म्हणाले. "सरांना वाटेल, बाई गप्प उभ्या आहेत."

"लेकरू निजल्यावरबी माय एक ओळ जास्तीची म्हणती. तवा तोंड एवढंच ऱ्हातं." मग कात्री घेऊन म्हणाल्या, "मुसळ उसवू?"

"राहू द्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी खोकी बांधून ठेवलेली होती. सरांनी गोधडी पलंगावर पसरली. मुसळ पाहून हसले. मी कागदावर 'माइक' लिहिल्यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांचं बोट बाईंच्या ओठांवर आलं आणि थांबलं. 

"शेवटचं कडवं ना?" सरांनी विचारलं. हल्ली ते मोठ्याने बोलतात. खोलीभर आवाज घुमला.

मी नुसती मान हलवली. हे गाणं मी शंभरदा तरी ऐकलंय, अर्थासकट. म्हणताना तोंड केवढं उघडत असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

गाडी सरांना घेऊन गेल्यावर मी पुसेगावला फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं. मावशींना त्यात नवल वाटलं नाही.

"मंग?" त्या म्हणाल्या. "बराबर ऐकू आलं की त्यांला."