पात्याची पुढची बाजू

भाईंदरच्या एका इंजिनिअर साहेबाने मला फसवले. मजुरी त्याने चोख दिली. माझे काम मात्र खोटे ठरवले, आणि तेही माझाच पुरावा खाऊन.

लढाईच्या दिवसांत खाडीकाठच्या मिठाच्या रिकाम्या गोदामात तो नव्या तऱ्हेचे इंजिन जुळवत होता. जळत्या वायूने पंखा फिरवायचा आणि पाती वितळू नयेत म्हणून त्यांच्या पोकळीतून थंड हवा खेळवायची. मी होड्यांचे नांगर घडवत वर आलेला लोहार. पोकळ पाती मी नळ्या चेपून केली.

पहिल्याच दिवशी, फिरताना पुढे राहते ती बाजू जळाली. मागची शाबूत.

"मिस्त्री, नळी वाकडी चेपलीत. हवा एकाच अंगाने जाते."

"कापून बघा की!"

"कापू? एवढीच दोन पाती आहेत."

माझे डोके फिरले. काम वाकडे म्हटल्यावर उत्तनपर्यंत एक तरी होडीवाला माझ्या दारात उभा राहिला असता का? मी पाते लालभडक केले, भट्टी बाजूला ओढली, आत भात्याने हवा सोडली. पाते न फिरवता जागच्या जागी ठेवले. दोन्ही अंगे सारखी निवली. मग पुन्हा तापवून, पट्टा चढवून, आत हवा सोडतच गरगर फिरवले, थांबवले, आणि दोन्ही अंगांना एकेक सुका बोंबील दाबला. लोखंड किती तापले ते मी असेच ओळखतो. पुढचा करपला, मागचा नुसता मऊ पडला. बाहेरचा वारा तर पुढच्या अंगालाच जास्त लागतो. तेच आधी निवायला हवे होते!

साहेब नाकाला रुमाल लावून दारात. "मासळी हा पुरावा होत नाही."

"मग काय चालेल? भाकरी?"

"भाकरी जाड असते."

"पुरी?"

"तेलकट."

घासाघीस करून पापडावर सौदा पटला. उडदाचा, त्याच्याच घरचा. या खेपेला मी पाते उलटे बसवले, मागचे अंग पुढे. नळी वाकडी असती तर जळणारे अंगही मागे गेले असते. पण पुन्हा पुढचाच पापड भाजला, मागचा कच्चा. म्हणजे दोष घडणीचा नव्हता, फिरण्याचा होता. फिरताना आतली थंड हवाच मागच्या भिंतीला जाऊन चिकटत होती.

साहेबाने भाजलेला पापड हातात घेतला, उजेडात धरला, फिरवून पाहिला. आणि खाल्ला.

"मीठ बरोबर आहे," म्हणाला.

नंतर त्याने वहीत लिहिले, 'पाती सदोष.' मी ओरडलो तर म्हणतो, "भाजलेला पापड कुठे आहे, दाखवा."

तो गृहस्थ हयात असेल तर त्याने माझ्या दारात यावे आणि चार होडीवाल्यांसमोर सांगावे, पाते उलटे बसवल्यावरही पुढचीच बाजू का तापली? लोहार वाकडा होता म्हणून?