पन्नासच्या पुढची थरथर

वडिलांचा कंपवात उजव्या अंगठ्यापासून सुरू झाला. मी लग्न करून अमेरिकेला निघाले त्या दिवशी त्यांच्या हातातल्या बशीत कप नुसता किणकिणत होता. सहा वर्षांनी, मी न्यू जर्सीत पुरती रुळले तोवर, त्यांच्या पत्रातलं अक्षर मुंगीएवढं झालं होतं. फळ्यावरचं ज्यांचं अक्षर शेवटच्या बाकावरून वाचता यायचं, त्या मास्तरांचं हे अक्षर. त्यामुळे त्या ऑक्टोबरात हायवेवर गाडी चालवताना माझे हात थरथरायला लागले, तेव्हा मला दुसरं काही सुचलंच नाही.

गाडीवर संशय यायला जागाच नव्हती. उन्हाळ्यात ती गॅरेजमधून तपासून, नवे टायर घालून आणली होती. वर दसऱ्याच्या पूजेसाठी मी ती स्वतः धुतली होती, आणि मी धुतलं म्हणजे धुतलं. चाकांच्या कडांना चिकटलेली घाणसुद्धा स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढली, मगच हळदकुंकू लावलं आणि दारातल्या झेंडूचा हार घातला. नवरा म्हणाला, "अगं, गाडी आहे ती, तांब्याची घागर नाही." मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कामावर निघाले. ताशी चाळीस मैलांपर्यंत काही नाही. पन्नासच्या पुढे काटा गेला आणि तळव्यांत बारीक कंप आला, तो मनगटातून कोपरापर्यंत चढला. हायवेवरून बाहेर पडून सिग्नलला थांबले तर हात शांत. वडिलांचंही सुरुवातीला असंच येऊनजाऊन होतं.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला होते. दिवसभर काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, तो एकसारखा पसरायला हात स्थिर लागतो. त्या दिवसापासून प्रत्येक पट्टीआधी मी बोटांकडे बघायला लागले, आणि इतकं बघितल्यावर कुणाचीही बोटं हलतील. जेवणाच्या सुट्टीत बाथरूमचं दार लावून पालथ्या पंजावर कागद ठेवायचे. कागद थरथरायचा. मी तो चुरगळून टाकायचे आणि पुन्हा दुसरा घ्यायचे.

नवऱ्याला सांगितलं नाही. तो ट्रेनने न्यूयॉर्कला जायचा. शनिवार-रविवार गाडी त्याच्या हातात असायची, पण ती वाणसामानापुरती, गावातल्या गावात. बोलले असते तर त्याने लगेच डॉक्टर गाठला असता, आणि डॉक्टरने नाव घेतलं की ते खरं झालं असतं. वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी अशी अडाण्यासारखी वागत होते. बाजूने मोठे ट्रक धडाडत जायचे आणि मी स्टिअरिंग इतकं आवळून धरायचे की उतरताना बोटं सरळ होत नसत. जितकं आवळावं तितका कंप जास्त कळायचा. आज हातातून स्टिअरिंग सुटणार, असं रोज वाटायचं. वडिलांचं एक पत्र आलं होतं, त्यालाही उत्तर लिहिलं नाही. माझंच अक्षर बारीक झालेलं दिसलं तर काय करायचं?

असे जवळजवळ तीन आठवडे गेले. दिवाळीच्या कार्यक्रमाला लांबच्या गावी जायचं होतं. मी डोकं दुखत असल्याचं सांगून शेजारच्या सीटवर बसले. हायवेला लागल्यावर थोड्या वेळाने नवरा म्हणाला, "हे स्टिअरिंग केवढं व्हायब्रेट होतंय! तुला कधी जाणवलं नाही?"

मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते थरथरत होते.

"तुझे हात थरथरतायत?" मी विचारलं.

"माझे कशाला थरथरतील? गाडी थरथरतेय."

मी रडायला लागले आणि रडता रडता हसायला लागले. त्याने घाबरून गाडी कडेला घेतली. तिथे, अंगावर जरीची साडी आणि मांडीवर चकल्यांचा डबा, मी त्याला सगळं सांगितलं. मग माझे दोन्ही हात त्याने आपल्या हातात धरून ठेवले.

सोमवारी आम्ही गॅरेजमध्ये गेलो. म्हाताऱ्या मेकॅनिकने गाडी वर उचलली, पुढचं चाक हाताने फिरवलं, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यावरची वजनं कुणी काढली?" चाकाचा तोल साधायला कडेला शिशाचे छोटे तुकडे अडकवलेले असतात. ते गेले की वेगात चाक उडायला लागतं आणि पुढचं चाक असेल तर ते हातांना कळतं. त्याने पुढच्या दोन्ही चाकांवरच्या स्वच्छ, कोऱ्या खुणा दाखवल्या.

त्या मी ओळखल्या. दसऱ्याला उचकटून काढलेली ती चिवट घाण मी कोमेजलेल्या झेंडूबरोबर कचऱ्यात टाकली होती. नवरा म्हणाला, "लोक दसऱ्याला सोनं लुटतात, आमच्या घरी शिसं लुटलं."

मेकॅनिकने चाकं मशीनवर फिरवून नवी वजनं ठोकली. परत येताना गाडी मी चालवली. पन्नास. पंचावन्न. स्टिअरिंग देव्हाऱ्यातल्या समईसारखं स्थिर, आणि त्यावर माझे हातही. इतका आनंद झाला की मी मोठ्याने बोलतच सुटले. आणि मग एकदम लाज वाटली. माझी सुटका झाली होती. वडिलांची होणार नव्हती. तीन आठवड्यांत माझी ही दशा झाली, त्यांनी सहा वर्षं काढली होती. त्या सहा वर्षांत मी प्रत्येक पत्रात विचारलं होतं, गोळ्या वेळेवर घेता का, दूध पिता का. इतकंच.

त्याच संध्याकाळी मी पत्र लिहिलं. त्यात गाडीची गोष्ट सांगितली आणि शेवटी विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती वाटते का?"

महिन्याने उत्तर आलं. गाडीच्या गोष्टीवर ते खूप हसले होते. त्याखाली कागदाच्या टोकाशी त्याच मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: "वाटते. पहिल्यांदा वाटली त्या दिवशी तू विमानतळावर निघाली होतीस, म्हणून बोललो नाही."