दवाखान्यात दम खाणारी माणसं

चार माणसं एका छपराखाली राबायला लागली की किस्से साचतातच. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. मी तेव्हा चांदा जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब, नर्स यमुनाबाई, मलमपट्टी करणारा ड्रेसर रघोजी आणि मी, एवढाच स्टाफ. तापाचे दिवस आले की जंगलातल्या गावांतून खाटेवर, बैलबंडीत घालून पेशंट यायचे. जेवायलाही फुरसत नसायची. पण आज मला त्या कामातलं फारसं आठवत नाही. त्यातून घटकाभर सुटायला कोण काय करायचं, तेवढं मात्र लख्ख आठवतं. कारण दर वेळी मला धक्काच बसला.

*

डॉक्टरसाहेब पुण्याकडचे. इस्त्रीचा शर्ट, मोजकं बोलणं. रोज दुपारी अर्धा तास ते खोलीला आतून कडी लावायचे. रघोजीला खात्री होती की साहेब आत बाटली उघडतात. कोणी वर कळवलं तर साहेबांची नोकरी जायची, म्हणून एक दिवस मी भीतभीतच खिडकीच्या फटीला डोळा लावला.

साहेब जमिनीवर मांडी घालून, सूप पुढ्यात घेऊन तांदूळ निवडत होते! बाटली दिसली असती तरी मी एवढा हादरलो नसतो. त्यांनी मला पाहिलं आणि आत बोलावलं.

"सकाळपासून साठ माणसांच्या आत काय बिघडलंय ते शोधतोय," ते म्हणाले. "इथं निदान खडा दिसला की उचलून टाकता येतो."

दुसऱ्या दिवसापासून मीही सूप घेऊन बसू लागलो.

*

धान निघालं की आमच्याकडे गावोगाव नाटकं सुरू होतात. अशाच एका दुपारी दवाखान्यामागच्या, प्रेतं ठेवायच्या खोलीतून बाई हंबरडा फोडत असल्याचा आवाज आला. खोली तर त्या दिवशी रिकामी होती. रांगेतले पेशंट उठून पळाले. पाय मुरगळला म्हणून दोघांच्या खांद्यावर आलेला एक गडी सगळ्यांच्या पुढे होता.

साहेब आणि मी जीव मुठीत धरून गेलो. दार ढकललं. आत रघोजी! डोक्यावरून दवाखान्याची चादर पदरासारखी घेतलेली, गुडघ्यांवर बसून मेलेल्या नवऱ्यासाठी छाती बडवून घेत होता. गावच्या नाटकात त्याला राणीचं काम मिळालं होतं.

रघोजीनं शांतपणे डोळे पुसले.

"घरी बायको हासते, वार्डात पेशंट हासतात," तो म्हणाला. "इथी कोणी टोकत नाई, साहेब."

*

एकदा जिल्ह्याचे मोठे साहेब तपासणीला यायचे होते. जीप नाल्यात अडकली, म्हणून ते एकटेच पायी आले, धुळीनं माखून. व्हरांड्यातल्या बाकावर टेकले आणि तिथंच झोपले. रघोजीला वाटलं पेशंट आहे. त्यानं त्यांच्या खिशात नंबराची चिठ्ठी घातली, अंगावर कांबळं टाकलं. नंबर आला तरी माणूस उठेना, तेव्हा यमुनाबाईंनी गदागदा हलवून तोंडात थर्मामीटर कोंबलं. त्या थर्मामीटरसकटच मोठ्या साहेबांनी आपला हुद्दा सांगितला.

आता चौघेही घरी बसणार, असं धरूनच चाललो होतो. मोठ्या साहेबांनी दिवसभर सगळं तपासलं आणि वहीत एकच शेरा लिहिला: "व्हरांड्यात वारा चांगला येतो."

*

यमुनाबाईंपुढे कोणाची मान वर व्हायची नाही. पण बाजाराच्या दिवशी काम आटपलं की त्या परतणाऱ्या एखाद्या रिकाम्या बंडीच्या मागच्या टोकाला बसायच्या, पाय खाली सोडून. नदीपर्यंत जायच्या आणि चालत परत यायच्या.

एका बाजाराच्या दिवशी त्या परतल्याच नाहीत. घाटावर रघोजीला त्यांची एक चप्पल सापडली. साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पँट वर सारून ते स्वतः पाण्यात उतरले. मी काठावरून हाका मारत होतो आणि माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता.

सकाळी बंडी आली. मागे यमुनाबाई, एका पायात चप्पल. आदल्या संध्याकाळी बैलांसाठी ठेवलेल्या गवताच्या भाऱ्याला टेकून त्यांचा डोळा लागला होता. गाडीवाल्याला मागे कोणी बसलंय याचा पत्ताच नव्हता. त्यानं घरी जाऊन बैल सोडले, तेव्हा बाई दिसल्या. त्याच्या बायकोनं त्यांना जेवू घातलं, निजवलं.

साहेब आयुष्यात पहिल्यांदा ओरडले असतील. बाईंनी ऐकून घेतलं.

"तीन वर्षांत अशी झोप लागली नव्हती मले," त्या म्हणाल्या आणि हात धुऊन वार्डात गेल्या.

*

एका साली तापानं कहर केला होता. साहेब दोन दिवस झोपले नव्हते. सकाळी रांग मोहाच्या झाडापर्यंत गेलेली. पहिला नंबर एका गोंड म्हातारीचा, तिच्याही अंगात ताप. साहेबांनी सुई उचलली, ती हातातून निसटून खाली पडली.

म्हातारीनं त्यांचं मनगट धरलं आणि बराच वेळ तोंडाकडे पाहिलं. मग उठून दारात गेली, रांगेला गोंडीत काहीतरी म्हणाली. सगळे उठले आणि गुपचूप मोहाखाली जाऊन बसले.

"याले निजू दे," ती मला म्हणाली. "आमी कुठी जात नाई."

यमुनाबाईंनी मोहाखाली फिरून सगळ्यांना पाहिलं. कोणी अगदी अत्यवस्थ नव्हतं. साहेब नको नको म्हणत होते. म्हातारीनं त्यांना पेशंट तपासायच्या टेबलावर सरळ आडवं केलं. पुढचे दोन तास साहेब घोरत होते आणि बाहेर तापानं फणफणलेली साठ माणसं बसून होती. एखादं पोर कुरकुरलं तर आई त्याला पदराखाली घ्यायची. मी दारात उभा होतो.

साहेब दचकून उठले. चष्मा चाचपला, आपल्याला का उठवलं नाही म्हणून माझ्यावर चिडले. म्हातारी समोरच स्टुलावर बसली होती. तिनं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"जीभ दाखव," ती म्हणाली.

साहेबांनी दाखवली.